तिकिटांची अडत

टपालाची तिकिटे जमवणारा मुलगा म्हणजे शेजाऱ्यांच्या पाकिटांवर डोळा ठेवणारा प्राणी! तीच तिकिटे आता ईबेसारख्या परदेशी बाजारात घरबसल्या लिलावाने विकली जातात. तेव्हा कपाटात आजोबांचा आल्बम असेल, तर वाचकहो, दोन गोष्टी ऐका.

जुने ते सारेच मोलाचे नव्हे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेले गांधीजींचे १० रुपयांचे तिकीट पुष्कळ संग्रहांत आढळते. पण ‘सर्व्हिस’ ही इंग्रजी अक्षरे वर छापलेल्या अवघ्या १०० प्रती गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी निघाल्या. एकमेकांना जोडलेल्या अशा ४ तिकिटांना २०१७ साली ५ लाख पौंड मिळाले! साहजिकच साध्या तिकिटावर ती अक्षरे उमटवणारे महाभागही निघाले. तज्ज्ञाचा दाखला पाहिल्यावाचून बोली लावू नये.

माझी शेवटची रक्कम मी आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवतो. यंत्र आपल्या वतीने तिथवर पायरीपायरीने चढते. त्यापुढची चढाओढ तिकिटासाठी नसते, ईर्षेसाठी असते.

विकायचे असल्यास बडे विक्रेते अडत्याप्रमाणे माल ठेवून घेतात, लिलाव लावतात आणि दलाली कापून पैसे देतात. दलाली किती, किमान किंमत कोणती, माल न खपल्यास परतीचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी घ्यावे. प्रत्येक पानाचा फोटो आपल्यापाशी ठेवावा.

शेजारच्या वहिनी यजमानांच्या पश्चात त्यांचा सबंध आल्बम धाडायला निघाल्या, तेव्हा मी म्हटले, “वहिनी, यातली सहाच धाडा. बाकीच्यांचे मोल बाजारात नाही.”

ते घरातच निघाले. नातवाने आल्बम केव्हाच ताब्यात घेतला होता!