संगणकाची रोजनिशी : काम झाले, पण नोंद कुठे आहे?

परभणी / प्रतिनिधी

थंडीच्या दिवसांत परभणीचा पारा किती उतरला, याचा आकडा वृत्तपत्रांत छापून येतो, तो येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदींच्या आधारे. त्या आकड्याला तारीख आणि वेळ जोडलेली असते, म्हणूनच त्याला किंमत आहे. पूर्णा जंक्शनवर गाड्यांच्या ये-जा करण्याची नोंद होते, पोलीस ठाण्यात ठाणे दैनंदिनी असते आणि सरकारी जीपलाही लॉगबुक असते. मात्र ज्या सर्व्हरवर कार्यालयाचा अवघा कारभार चालतो, त्यावर काल कोणी, काय आणि कशासाठी बदलले, याची वही अनेकदा कुठेच सापडत नाही. ती माहिती एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर निघून जाते.

सर्व्हर सांभाळणाऱ्या या माणसाला सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. त्याचे बरेचसे काम माऊसने नव्हे, तर काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून चालते. यालाच कमांड लाइन असे म्हणतात. केवळ अक्षरांचीच देवाणघेवाण होत असल्याने इंटरनेट मंद असले, तरी परभणीत बसून मुंबई-पुण्यातील यंत्र दुरुस्त करता येते. सोय मोठी आहे, तसा धोकाही मोठा आहे. एका ओळीत हजारो फाइली हलवता येतात आणि एका ओळीतच त्या कायमच्या पुसल्याही जातात.

यंत्र काय लिहून ठेवते?

यंत्र स्वतःच्या नोंदी ठेवतेच. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात तयार केलेली ‘सिसलॉग’ ही पद्धत आजही प्रचलित आहे. कोण आत आले, कोणती सेवा बंद पडली, हे तीत तारीखवार उमटते. टंकलेल्या आज्ञांची यादीही ‘हिस्टरी’ म्हणून साठते. परंतु या यादीवर विसंबणे धोक्याचे ठरते. लिनक्सवरील नेहमीच्या ‘बॅश’ या कार्यक्रमात ही यादी मुळात ५०० आज्ञांपुरती असते, वेगळी मांडणी केल्याशिवाय तीत वेळ नोंदली जात नाही आणि सत्र अचानक तुटले तर त्या सत्रातील आज्ञा नाहीशाही होऊ शकतात.

याहून मोठी उणीव अशी की, यंत्राला ‘काय झाले’ एवढेच कळते, ‘का केले’ हे कळत नाही. एखादी फाइल बदलली, हे त्याला दिसते. ती चाचणीसाठी दोन दिवसांपुरती बदलली होती की कायमची, हे केवळ बदलणाराच सांगू शकतो.

दोन छोट्या आज्ञा

ही उणीव भरून काढणारी साधने नवी नाहीत, महागही नाहीत. ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा युनिक्सच्या बर्कले आवृत्तीत १९८०च्या सुमारासच आली. ती सुरू केली की, पडद्यावर जे जे दिसते ते सर्व एका फाइलीत उतरत जाते. ‘लॉगर’ ही दुसरी आज्ञा त्याहून उपयोगी म्हणावी लागेल. तिच्यापुढे अवतरणचिन्हांत एक वाक्य लिहिले की, ते तारीख, वेळ, यंत्राचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव यांसह यंत्राच्याच नोंदीत जाऊन बसते. वेगळी वही उघडावी लागत नाही. काम जिथे, नोंद तिथेच.

चांगली नोंद कशी असते? नमुना असा : ‘डिस्क ९२ टक्के भरल्याने छपाई थांबली. जुन्या फाइली दुसऱ्या यंत्रावर हलवल्या. परत आणायच्या असल्यास तेथील आजच्या तारखेच्या फोल्डरमधून घ्याव्यात.’ कारण, कृती आणि परतीची वाट या तीन गोष्टी तीत आल्या, की नवख्या माणसालाही पुढचे पाऊल टाकता येते. मांडणीच्या फाइलींतील प्रत्येक बदल जपून ठेवणारे ‘एटकीपर’ हे मुक्त साधनही या कामी उपलब्ध आहे.

चुकीच्या यंत्रावरची एक आज्ञा

नोंदीचे महत्त्व जगाला दिसले ते ३१ जानेवारी २०१७ रोजी. ‘गिटलॅब’ या कंपनीतील एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाइटच्या माहितीसाठ्यापैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले. नेहमीच्या बॅकअपनेही दगा दिला. अखेर सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने स्वतःहून घेतलेली प्रत कामी आली. कंपनीने दुरुस्तीची टिपणे काम चालू असतानाच सर्वांसाठी खुली ठेवली. काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, हे त्यामुळेच पुढे नेमके सांगता आले.

भारतात हा विषय आता केवळ सवयीचा राहिलेला नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपणे, घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे आणि सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. शासकीय संस्थाही त्यांच्या कक्षेत येतात. याउलट जुन्या नोंदी आपोआप काढून टाकणाऱ्या ‘लॉगरोटेट’ची नेहमीची मांडणी अनेक लिनक्स प्रणालींत चार आठवड्यांचीच असते. ती कोणी बदलली नाही, तर पाचव्या महिन्यात चौकशी करणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

पथ्येही आहेत. नोंदीत पासवर्ड कधीही लिहू नये. ‘लॉगर’ने कोणीही काहीही लिहू शकतो, त्यामुळे ती नोंद म्हणजे पुरावा नव्हे, तर टिपण आहे, हे ध्यानात ठेवावे. सर्वाधिकार असलेला माणूस यंत्रावरील नोंदी पुसूही शकतो. म्हणून त्यांची प्रत त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठवणे हिताचे.

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. उद्या जिंतूर किंवा गंगाखेडच्या एखाद्या कार्यालयातील सर्व्हर बंद पडला, तर दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सिसलॉगशी काही देणेघेणे नसेल. त्याला ‘आज काम होईल का’ एवढेच विचारायचे असेल. त्याचे उत्तर बदली होऊन गेलेल्या माणसाच्या फोनवर अवलंबून असावे की त्याने मागे ठेवलेल्या ओळींवर, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. त्यासाठी लागतो तो एका वाक्याचा वेळ आणि ते वाक्य लिहिण्याची शिस्त.