दुपारची वीज स्वस्त का?

ईटसारख्या भूम तालुक्यातल्या गावांत रात्रपाळीची वीज म्हणजे बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं आणि विंचू-सापाची धास्ती. कोळशाचे संच रात्री सहज बंद करता येत नाहीत; मागणी घटली की ती वीज शेतीकडे वळवणं सोयीचं ठरे. सौरऊर्जेने हे गणित उलटवलं. आता दुपारी वीज मुबलक, महाग ती संध्याकाळची. म्हणूनच राज्य वीज नियामक आयोगाने २०२५ मध्ये स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत दिली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मात्र एप्रिल २०२४ पासून बिलच माफ. तो भार शासन उचलतं. तिथे दराचा इशारा पोचणार कसा? तिथे वेळ ठरवतो तो फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणारी वाहिनी; म्हणून ती वाहिनी सौरऊर्जेवर चालवून दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना मला सवलतीपेक्षा मोलाची वाटते.