पाच गिनींचा निकाल

क्रिकेटवेड्या मित्रांची मैफल जमली की मी एक कोडं घालतो. १८ कसोटी सामने, ६३५ धावा, ५८ बळी. सांगा, हा खेळाडू थोर कसा? आकडे ऐकून सगळे नाकं मुरडतात. मग मी लिअरी कॉन्स्टन्टाइनची गोष्ट सांगू लागतो.

त्याचा जन्म १९०१चा, त्रिनिदादमधला. पूर्वज गुलाम होते. वडील लेब्रन मात्र १९०० मध्ये वेस्ट इंडिजच्या संघातून इंग्लंडला गेले आणि लॉर्ड्सवर शतक ठोकून आले. त्याच लॉर्ड्सवर १९२८ मध्ये लिअरीने मिडलसेक्सविरुद्ध ८६ आणि १०३ धावा काढल्या, शिवाय एका डावात ५७ धावांत ७ बळी घेतले. लोक अक्षरशः वेडे झाले! पुढच्याच वर्षी लँकशरमधल्या नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावाने त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलावून घेतलं. त्याची फटकेबाजी आणि चपळ क्षेत्ररक्षण बघायला गिरणी कामगार मैदानावर लोटत.

मग आलं १९४३ साल. महायुद्ध चालू होतं. लॉर्ड्सवरच्या एका सामन्यासाठी तो बायको आणि मुलीला घेऊन लंडनच्या इंपिरियल हॉटेलात उतरला. चार रात्रींसाठी खोल्या आधीच राखून ठेवल्या होत्या. पण एकच रात्र राहता येईल, असं त्याला सुनावण्यात आलं. कारण? हॉटेलातल्या गोऱ्या अमेरिकनांना काळा माणूस खपणार नाही!

ज्याच्यासाठी मैदानं भरत, त्याला झोपायला खोली मिळेना. त्याने आरडाओरडा केला नाही. दुसरीकडे मुक्काम हलवला आणि पुढे कोर्टात गेला. वर्णभेदाविरुद्ध तेव्हा तिथे कायदाच नव्हता. प्रवाशाला विनाकारण आसरा नाकारायचा नाही, या जुन्या दंडकावर त्याने १९४४ मध्ये खटला जिंकला. भरपाई किती? पाच गिनी. म्हणजे अवघे सव्वापाच पौंड!

तो तिथेच थांबला नाही. पन्नाशी उलटल्यावर, १९५४ मध्ये, बॅरिस्टर झाला. पुढे त्रिनिदादमध्ये मंत्री आणि मग लंडनमध्ये उच्चायुक्त. ब्रिस्टलच्या बसगाड्यांवर काळ्या माणसांना कामावर घेत नव्हते, तेव्हा १९६३ मध्ये पदाची भीड न ठेवता तो उघड बोलला. वर्णभेदाविरुद्धचा ब्रिटनमधला पहिला कायदा १९६५ मध्ये आला. १९६९ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. दोनच वर्षांनी तो गेला.

कोड्याचं उत्तर ऐकून मित्र गप्प होतात. मला मात्र दर वेळी ते सव्वापाच पौंडच आठवतात. त्याच्या खात्यातली सर्वांत मोठी धावसंख्या तीच, असं मला वाटतं.