एचआयव्ही आणि उतारवय

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीच्या सेक्टर 81 मध्ये ‘नॉलेज सिटी’ नावाची संशोधनसंस्थांची वसाहत उभी आहे. परंतु एका विषाणूविषयी गेल्या चार दशकांत जमलेल्या ज्ञानाचा माणसाच्या देहावर कसा अंमल चालतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने चंदीगडच्याच सेक्टर 12 मधील, लोकांच्या तोंडी ‘पीजीआय’ म्हणून रुळलेल्या, वैद्यकीय संस्थेच्या एआरटी केंद्राकडे, म्हणजे विषाणूरोधक औषधोपचाराच्या केंद्राकडे, वळावे. 1962 साली स्थापन झालेल्या या संस्थेत पंजाब, हरियाणा, हिमाचल अशा शेजारच्या मुलखांतून रुग्ण येतात; आणि पहिल्या ‘लाइन’ची, म्हणजे पहिल्या संचाची, औषधे निष्प्रभ ठरली म्हणजे पुढच्या औषधयोजनेची शिफारस करणाऱ्या देशातील मोजक्या उत्कृष्टता केंद्रांत तिची गणना होते.

भारतात हा संसर्ग प्रथम 1986 साली मद्रासेत आढळला. दहा वर्षांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार परिणामकारक ठरला खरा, पण त्याचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात असल्याने आपल्याकडील रुग्णाला तो असून नसल्यासारखाच होता. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच उपचार वर्षाकाठी 350 डॉलरांत देऊ केला, तेव्हा कोंडी फुटली. आणि 1 एप्रिल 2004 पासून, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह निवडक केंद्रांत, सरकारने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. त्या वेळी रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशींची संख्या, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘काउंट’, 200 च्या खाली उतरल्यावाचून सहसा औषध मिळत नसे; ही अट पायरीपायरीने शिथिल होऊन 2017 साली निदान होताच उपचार, असे धोरण ठरले.

आरंभीच्या औषधांनी जीव वाचविले, पण त्याची किंमतही वसूल केली. स्टॅव्हुडिनने तळपाय बधिर होत आणि गालांवरील मेद झडून चेहरा असा काही खोल जाई, की जे गुपित रुग्णाने घरच्यांपासूनही राखले असेल ते त्याच्या मुद्रेनेच फोडावे. झिडोव्हुडिनने रक्तक्षय, नेव्हिरापिनने अंगावर पुरळ आणि यकृतास इजा, एफाव्हिरेन्झने भयस्वप्ने, अशी प्रत्येकाची स्वतंत्र तक्रार होती. आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून दिवसाला एकच गोळी मिळते. ती पुष्कळच सुसह्य आहे. तरी टेनोफोव्हिरसाठी मूत्रपिंडांवर नि अस्थींवर, आणि डोल्युटेग्रॅव्हिरसाठी वाढत्या वजनावर नजर ठेवावी लागते.

ही गोळी थांबविता मात्र येत नाही. विषाणू काही सुप्त पेशींच्या जनुकद्रव्यात स्वतःची नोंद करून बसतो. त्या पेशींपर्यंत औषधाचा हात पोहोचत नाही आणि उपचार थांबताच बहुधा काही आठवड्यांत रक्तातील विषाणू पुन्हा उसळतो. अधूनमधून गोळ्या चुकविणाऱ्याच्या देहात औषधाला दाद न देणारे वाण तयार होतात, आणि मग ‘लाइन’ बदलण्याची वेळ येते. उलट, वेळेवर निदान होऊन नियमित औषध घेणाऱ्याचे आयुर्मान आज इतरांच्या जवळपास पोहोचते, आणि ज्याच्या रक्तात विषाणू सातत्याने मोजण्याच्या मर्यादेखाली राहतो त्याच्यापासून शरीरसंबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे.

तेव्हा खरा प्रश्न आता उतारवयाचा आहे. विषाणू दबला तरी देहात मंद दाह धुमसत राहतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कोलेस्टेरॉल उतरविणारे पिटाव्हास्टॅटिन दिल्याने अशा विकारांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. त्यात इतर आजारांच्या औषधांशीही गाठ पडते: क्षयावरील रिफाम्पिसिन डोल्युटेग्रॅव्हिरची रक्तातील मात्रा उतरविते, म्हणून डोल्युटेग्रॅव्हिरचा दुसरा डोस बारा तासांनी द्यावा लागतो. चाळिशी उलटलेल्या बाईने हाडांसाठी घेतलेली कॅल्शियमची साधी गोळीदेखील, उपाशीपोटी आणि डोल्युटेग्रॅव्हिरसोबत एकाच वेळी पडली, तर त्याचे शोषण अडविते. दुसऱ्या लाइनमधील रिटोनाव्हिर तर त्याहून खाष्ट: त्याच्या सोबतीने कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिन स्नायूंना घातक ठरते आणि दम्याच्या काही फवाऱ्यांतील स्टिरॉइड रक्तात साचत जाते.

हे सारे टाळणे अवघड नाही. पण त्यासाठी हृदयरोगाच्या वा अस्थिरोगाच्या डॉक्टरला रुग्ण कोणती औषधे घेतो हे ठाऊक हवे, आणि घोडे नेमके येथेच पेंड खाते. एआरटी केंद्राची पुस्तिका घरी दडवून, दुसऱ्या खिडकीवर मधुमेहाचा केसपेपर काढणाऱ्या रुग्णाला मी दोष देणार नाही. ती उघड केल्यावर शस्त्रक्रियेच्या यादीतून नाव मागे पडल्याचा अनुभव गाठीशी असलेला माणूस दुसरे काय करील? माझ्या मते आज औषधसंशोधनापेक्षा दवाखान्याचा कारभार अधिक मागे राहिला आहे.

कायद्याची तरतूद झालेली आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात असून, नोकरीत वा उपचारांत भेदभाव करण्यास आणि संमतीवाचून रुग्णाची माहिती उघड करण्यास त्याने मनाई केली आहे. शंभर किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत, आणि वीस किंवा अधिक माणसांच्या आरोग्यसंस्थेत, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. वाचकांपैकी जे अशा कचेऱ्यांत वा रुग्णालयांत नोकरीस असतील त्यांनी आपल्याकडे हा अधिकारी कोण, एवढी विचारणा लेखी करावी. आणि ज्याला स्वतःसाठी वा आप्तासाठी सल्ला हवा असेल त्याने 1097 या मोफत क्रमांकावर, नाव न सांगताही, निःसंकोच फोन करावा.