घराण्याचा शोध आणि संदर्भग्रंथालय

आपल्या घराण्याचा पूर्वेतिहास जाणून घेण्याची इच्छा मनात धरून जो मनुष्य एखाद्या जुन्या संदर्भग्रंथालयाच्या पायऱ्या चढतो, त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: आमच्या आडनावाचे काही पुस्तक आहे काय? ग्रंथपाल त्याला कुलवृत्तान्तांच्या कपाटाकडे नेतो. ज्या थोड्या ज्ञातींनी असे वृत्तान्त छापण्याची परंपरा चालविली त्यांपैकी तो असला तर त्याचे काम भागते, आणि नसला तर आपले पूर्वज इतिहासात नोंद होण्याइतके मोठे नव्हते अशी खिन्न समजूत करून घेऊन तो परत फिरतो. ही समजूत सर्वथा चुकीची आहे. महाराष्ट्रातील पाटील, कुणबी, सुतार, महार, गुरव, कोळी, परीट ह्यांच्या पूर्वजांचा मागमूस ज्यांत राहिला आहे असे ग्रंथ आपल्या संदर्भग्रंथालयांत शेकड्यांनी आहेत. मात्र ते इतिहास म्हणून लिहिलेले नसल्यामुळे आणि त्यांत आडनावाने शिरता येत नसल्यामुळे सामान्य वाचक त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

शोध घ्यावयाचा तो गावाच्या नावाने. ह्याचे कारण आपल्या नामपद्धतीत आहे. आज आपण ज्यास आडनाव म्हणतो ते अनेक घराण्यांत शाळेचा दाखला आणि सरकारी पटावरील नोंद ह्यांच्यामुळे स्थिर झाले. त्यापूर्वीच्या कागदांत मनुष्याची ओळख बापाच्या नावाने, हुद्द्याने आणि गावाने दिली जाई. अमका बिन तमका, मोकदम, मौजे अमुक, तर्फ अमुक, परगणे अमुक, अशी ती रीत होती. इतिहासप्रसिद्ध पुरुषही ह्यास अपवाद नाहीत. भट घराण्यातील पहिल्या पेशव्यास आपण बाळाजी विश्वनाथ म्हणून ओळखतो, भट ह्या आडनावाने नव्हे. आणि नाना फडणवीस म्हणून ज्यांचे नाव घरोघर झाले त्या बाळाजी जनार्दनांचे घराणे भानूंचे, फडणिशी हा त्यांचा हुद्दा. थोरामोठ्यांची ही स्थिती, तर एखाद्या वाडीतील कुणब्याचे आजचे आडनाव दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदात शोधून काय हाती लागणार? म्हणून ग्रंथालयात येण्यापूर्वी वडीलधाऱ्यांकडून मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, घरात कोणते वतन किंवा कोणता धंदा होता, हे विचारून घ्यावे; जमिनीचे जुने फेरफार आणि त्यांतील वारसनोंदी तलाठी दप्तरातून काढाव्यात; आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याच्या पिढ्या उतरलेल्या आहेत काय, हेही पाहून घ्यावे. एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे ग्रंथालयातले काम निम्मे सोपे होते.

आपल्याकडे ह्या कामास योग्य अशी स्थाने अनेक आहेत. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, डोरिक धाटणीच्या त्या भव्य स्तंभांच्या आड, 1804 साली सर जेम्स मॅकिंटॉश ह्यांनी स्थापिलेल्या संस्थेचा, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीचा, ग्रंथसंग्रह आहे. आणि त्याच वास्तूत राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय असून 1954 च्या कायद्यान्वये देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांची प्रत मिळण्याचा अधिकार ज्या मोजक्या ग्रंथालयांस आहे त्यांत त्याची गणना होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जन्म 1898 चा, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा 1893 चा, आणि पुणे नगर वाचन मंदिराची परंपरा तर थेट 1848 पर्यंत पोहोचते. पुण्यातच 1910 साली राजवाडे आणि मेहेंदळे ह्यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पेशवे दप्तराचे अस्सल रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, पुण्याच्या अभिलेखागारात आहेत; पण नवख्याने एकदम तिकडे धाव घेऊ नये. मोडी लिपीचा सराव नसताना रुमाल सोडणे व्यर्थ आहे. आधी छापील साधने संपवावीत, आणि ती ग्रंथालयांतच मिळतात.

त्यांत पहिला हात घालावा तो जुन्या गॅझेटियरांत. जेम्स कॅम्बेल ह्यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या ह्या मालेत रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड 1880 चा, ठाण्याचे दोन खंड 1882 चे, पुण्याचे तीन भाग आणि साताऱ्याचा खंड 1885 चा आहे. खंडाच्या अखेरीस स्थळांचे प्रकरण वर्णानुक्रमे लावलेले असून त्यात मोठ्या गावांची वस्ती, बाजाराचा वार, बंदरातील व्यापार, देवळे, किल्ले आणि शाळा ह्यांची माहिती येते. येथे जिल्ह्यांच्या बदललेल्या सीमा ध्यानात ठेवाव्या लागतात. मालवणच्या वाचकाने सिंधुदुर्ग शोधला तर त्यास काहीच मिळणार नाही, कारण तो जिल्हा 1981 साली झाला. त्याने रत्नागिरीचा खंड उघडावा. पालघरच्या मनुष्याने ठाण्याचा, अलिबागच्या मनुष्याने कुलाब्याचा उघडावा. मराठवाड्याचे गाव निजामाच्या मुलखात आणि विदर्भाचे मध्यप्रांत-वऱ्हाडात पडल्यामुळे त्यांच्यासाठी निराळे ग्रंथ पाहावे लागतात. गावांची इंग्रजी रूपेही फसवी असतात: वसईची नोंद बसीन ह्या नावाखाली आणि पुण्याची पूना ह्या नावाखाली सापडते, आणि वडगाव किंवा पिंपळगाव ह्या नावाची तर इतकी गावे आहेत की तालुका ठाऊक असल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये.

गॅझेटियरात लहान गावाचे नाव आले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण त्याहून सूक्ष्म असे एक साधन आहे आणि त्याची सामान्य वाचकास वार्ताही नसते. 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी जमिनीच्या पाहणीची आणि तीस वर्षांच्या महसूल-ठरावाची जी पद्धत घातली, ती पुढे इलाखाभर पसरली, आणि तालुक्यातालुक्याचे अहवाल सरकारने आपल्या दप्तरातील निवडक कागदांच्या मालेत छापून काढले. अहवालांच्या परिशिष्टांत गाववार तक्ते येतात. तीस वर्षांची मुदत सरली की तीच पाहणी पुन्हा होई, आणि तेव्हा घरे, माणसे, बैल, नांगर, गाड्या आणि विहिरी ह्यांची पूर्वीची व नवी संख्या शेजारीशेजारी मांडली जाई. एका मुदतीत गाड्यांची संख्या वाढली असेल तर बहुधा रस्ता झाला. विहिरी वाढल्या तर बागायत आले. माणसे घटली आणि साल 1876-78 च्या दुष्काळानंतरचे असले तर त्या घटीचा अर्थ सांगावयास कोणी लागत नाही. आपले पणजोबा गाव सोडून मुंबईच्या गिरणीत का आले, ह्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या आठवणीत नसते, पण ते ह्या रुक्ष आकड्यांत पुष्कळदा असते.

परंतु सर्वांत समृद्ध, आणि माझ्या मते सर्वांत जिवंत, असे साहित्य म्हणजे वतनांचे तंटे. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या 1898 पासून निघालेल्या बावीस खंडांत, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या 'शिवचरित्रसाहित्य' मालेत आणि गणेश चिमणाजी वाड ह्यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून काढलेल्या उताऱ्यांत असे कागद विपुल आहेत, आणि ते देवनागरीत छापलेले असल्याने कोणासही वाचता येतात. पाटीलकीचा किंवा कुलकर्णाचा वाद उभा राहिला म्हणजे दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत. करीन्यात वादी आपल्या मूळ पुरुषापासून सुरुवात करतो, त्यास किती पुत्र झाले, वडील कोण, धाकटा कोण, कोणत्या दुष्काळात घराणे परागंदा झाले, मागे राहिलेल्या भाऊबंदाने किंवा मुतालिकाने (वतनाचे काम पाहणाऱ्या प्रतिनिधीने) वतन कसे बळकाविले, हे एकही पिढी न सोडता सांगतो. मग गोत, म्हणजे वतनदारांची व गावकऱ्यांची सभा, जमते आणि महजर, म्हणजे तिच्या निवाड्याचा कागद, होतो. महजराच्या आरंभी हाजीर मजालशींची, म्हणजे सभेस हजर असलेल्यांची, यादी असते, आणि कुलशोध करणाऱ्याने जी ओळ कधीही चुकवू नये ती हीच होय. कारण तीत केवळ देशमुख-देशपांडे नसून शेजारच्या गावांचे पाटील, चौगुले, शेटे, सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, गुरव आणि महार हे आपापल्या नावांनिशी, बापाच्या नावांनिशी आणि गावांनिशी हजर असतात. ज्यांस लिहिता येत नसे ते धंद्याची निशाणी करीत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. शिवेचा तंटा असेल तर महाराची साक्ष विशेष प्रमाण मानली जाई, कारण गावची शीव त्याच्या पायाखालची असे. ज्या समाजांस पुढे इतिहासाने अबोल ठरविले त्यांचे पूर्वज ह्या कागदांत बोलताना, साक्ष देताना आणि कधी दिव्यास सिद्ध होताना दिसतात. आपल्या गावचा असा एखादा महजर हाती येणे ही वाचकाच्या आयुष्यातील मोठी प्राप्ती आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणतो.

अशा कागदांवरील कालोल्लेख मात्र नवशिक्यास गोंधळात टाकतात. सन खमस सलासीन मया व अलफ असे लिहिलेले असते. खमस म्हणजे पाच, सलासीन म्हणजे तीस, मया शंभर आणि अलफ हजार, मिळून 1135. हा सुहूर सन. त्यात 599 मिळविले म्हणजे इसवी सन 1734 येतो, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने त्याचा पुढला भाग 1735 त जातो. फसली सनात 590, शालिवाहन शकात 78 मिळवावे आणि वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी आणखी एक. बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांच्या जंत्रीसारखा ग्रंथ शेजारी ठेवला म्हणजे तिथीवरून दिनांकही काढता येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उतरलो की साधने बदलतात. 1867 च्या कायद्याने छापखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची झाली आणि त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटात येऊ लागल्या. त्यांत लेखक, मुद्रक, गाव, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्यासुद्धा दिलेली असते. एखाद्या शिक्षक पूर्वजाने शिळाप्रेसवर छापून घेतलेली चार पानांची आर्या घरातून नाहीशी झाली असली तरी तिची ओळ तेथे शिल्लक राहते. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत पदवीधरांच्या नामावळ्या आहेत. 1862 सालच्या पहिल्या तुकडीतील रानडे-भांडारकरांपासून तो क्रम सुरू होतो. वृत्तपत्रांत केवळ 'ज्ञानप्रकाश' आणि 'केसरी' पाहून थांबू नये. ठाण्याचा 'अरुणोदय', साताऱ्याचे 'शुभसूचक', रत्नागिरीचा 'सत्यशोधक' ह्यांत गावोगावच्या बातम्या अधिक असत, आणि 1877 साली निघालेल्या 'दीनबंधू'त बहुजन समाजाच्या सभा, विवाह आणि तक्रारी ह्यांना जी जागा मिळाली ती अन्यत्र क्वचितच मिळाली. एखाद्या विषयावर मराठीत काय छापले गेले होते हे पाहण्यास शंकर गणेश दाते ह्यांनी अपार कष्टाने सिद्ध केलेली 'मराठी ग्रंथसूची' हाती घ्यावी. तिच्या पहिल्या भागाची मर्यादा 1800 ते 1937 अशी आहे.

ह्या सर्व साधनांवर विश्वास ठेवताना विवेक सोडू नये. करीना हा एका पक्षाचा दावा असतो. कुलवृत्तान्त हा अभिमानाने लिहिलेला असतो. आणि गॅझेटियरातील ज्ञातींची वर्णने परक्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीतून, पुष्कळदा पूर्वग्रहाने, उतरलेली आहेत. दोन स्वतंत्र कागद जुळले तरच एखादी पिढी निश्चित धरावी, आणि जे कच्चे आहे ते आपल्या टिपणात कच्चे म्हणूनच लिहावे. नावसाधर्म्यावरून एखाद्या सरदार घराण्याशी स्वतःस जोडून घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याने आपल्या खऱ्या पूर्वजांवर अन्याय होतो.

अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, अशा जुन्या नोंदींचा शोध जोराने सुरू झाल्यापासून मोडी जाणणाऱ्यांस मागणी आली आहे. अभिलेखागारामार्फत मोडीचे वर्ग चालतात, त्यांचा लाभ तरुणांनी घ्यावा. एशियाटिक सोसायटीने आपले दुर्मिळ ग्रंथ 'ग्रंथसंजीवनी'वर संगणकावर वाचण्यास खुले करण्याचे स्तुत्य काम केले आहे. तरीही चिठ्ठी भरून मागविलेल्या खंडाची पाने उलटताना शेजारच्या पानावर जे अवचित सापडते त्याला पर्याय नाही, आणि अनुभवी ग्रंथपालाच्या स्मरणास तर नाहीच. पेन्सिल घेऊन जावे, ठिसूळ पानांस जपावे, आणि ग्रंथाचे नाव, खंड व पृष्ठ लिहिल्यावाचून एकही टिपण करू नये.

आणि एक विनंती. आपल्या माळ्यावरील ट्रंकेत लग्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, भाडेपावत्या, गिरणीची ओळखपत्रे, पतपेढीचे वार्षिक अहवाल किंवा आजोबांच्या रोजनिश्या पडून असतील, तर घर रंगविताना त्या रद्दीवाल्यास देऊ नका. त्यांची यादी करा, कोणाच्या व कोणत्या गावच्या हे स्वच्छ अक्षरांत लिहा, आणि गावच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथसंग्रहालयाच्या कार्यवाहांस भेटून त्या तेथे ठेवून घेण्याची विनंती करा.