मधल्या सुट्टीतले बघे
लेखमाला : वर्गातलं मूल (भाग सहावा)

गेल्या आठवड्यात आपण त्रास देणाऱ्या मुलाबद्दल बोललो. आज उरलेल्या वर्गाबद्दल. डबा पळवणारा एक असतो, ज्याचा पळवला जातो तोही एक. भोवती कोंडाळं करून जी आठ-दहा मुलं उभी असतात, त्यांची चौकशी सहसा कुणी करत नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत ती दोघंच उभी राहतात.

कॅनडातल्या डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी नव्वदच्या दशकात नेमकं या कोंडाळ्याकडे बघितलं. टोरंटोतल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांचं त्यांनी चित्रीकरण केलं आणि मुलांच्या अंगावर छोटे बिनतारी माइक लावले. त्रास देण्याच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. म्हणजे 'कुणी नसताना गाठलं' हा प्रकार थोडाच. हजर मुलांचा निम्म्याहून जास्त वेळ नुसतं बघण्यात जात होता, साधारण पाचवा हिस्सा दांडगट मुलाला सामील होण्यात आणि जेमतेम चौथा हिस्सा ज्याला त्रास होतोय त्याच्या बाजूने बोलण्यात. पण कुणी मध्ये पडलंच, तर 57 टक्के वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. शिपाईमामांना हाक मारून येईपर्यंतही याहून जास्त वेळ जातो.

मग बाकीची मुलं बोलत का नाहीत? ती निर्दयी असतात असं नाही. पुढचा नंबर आपला लागेल ही भीती असते. शिवाय दुसरी-तिसरीतल्या मुलाला असं वाटतं की सगळेच गप्प आहेत, म्हणजे यात काही वावगं नसावं. आणि जो हसतो, त्याचं ते हसणं म्हणजे दांडगट मुलाची कमाई असते. बघे नसतील तर त्या डबा पळवण्यात गंमतच उरत नाही.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी 1996 साली ही भोवतालची मुलं वेगवेगळी करून दाखवली: हाताखाली राबणारे, हसून चढवणारे, अंग काढून घेणारे आणि बाजू घेणारे. यावरच तुर्कू विद्यापीठात 'किवा' हा कार्यक्रम उभा राहिला आणि 2009पासून तो तिथल्या शाळांत देशभर पसरला. पहिली, चौथी आणि सातवीसाठी त्यात वेगळे पाठ आहेत. सुट्टीत मैदानावर असलेले शिक्षक दुरून दिसावेत म्हणून भडक रंगाचं जाकीट घालतात. मला मात्र त्यातली एक साधी गोष्ट सगळ्यात शहाणी वाटते. एखाद्या मुलाला त्रास होतोय असं कळलं की शाळेतली नेमलेली माणसं आधी त्याच्याशी आणि मग त्रास देणाऱ्यांशी बोलतात. तेवढ्यावर न थांबता वर्गशिक्षक त्याच वर्गातली दोन ते चार मुलं बोलावतात. ही मुलं वर्गाला आवडणारी, ज्यांचं बाकीचे ऐकतात अशी. 'याला आधार द्यायला तुम्ही काय कराल?' एवढंच त्यांना विचारायचं. कुणी म्हणतं, डबा खाताना बरोबर घेऊ. कुणी म्हणतं, आमच्या टीममध्ये घेऊ. काही दिवसांनी पुन्हा सगळ्यांना भेटून काय झालं ते विचारलं जातं.

आपल्याकडे वर्गातलं असं वजनदार मूल हेरून आपण त्याला मॉनिटर करतो आणि फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावतो! त्रास होणाऱ्या मुलाला घरून सल्ला मिळतो, 'तूही एक ठेवून दे.' शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी करतं, पण शाळेत त्याचा अर्थ घेतला जातो तो शिक्षकाच्या छडीपुरता. तक्रारपेट्या लावल्या गेल्या, तेही चांगलंच झालं. पण पहिलीतल्या मुलाला 'माझ्याशी कुणी खेळत नाही' हे वाक्य अजून लिहिता येत नसतं आणि लिहिता आलं तरी ही तक्रार आहे हे त्याला माहीत नसतं. सगळ्यांनी मिळून कट्टी केली तर ना वळ उठतो, ना शर्ट फाटतो. सुट्टीत बाकावर एकटं बसून राहणारं, रोज काहीतरी हरवलेलं सांगणारं, सोमवारी सकाळी पोटात दुखतं म्हणणारं मूल शिक्षकालाच शोधावं लागतं.

किवानंतरच्या अभ्यासांतून एक अस्वस्थ करणारी गोष्टही पुढे आली आहे. ज्या वर्गात एकूण त्रास कमी होतो, तिथे ज्या एखाद्याला तो तरीही होत राहतो, त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट असू शकते. पूर्वी त्याच्यासारखे आणखी दोघं-तिघं असत. आता तो एकटाच उरतो आणि दोष आपल्यातच आहे असं मानू लागतो. म्हणून 'आमच्या शाळेत आता असं काही नाही' असं म्हणणाऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी त्या एकासाठी हजेरीपट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचावा. प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारावं, हे मूल सुट्टीत कुणाबरोबर असतं? जिथे उत्तर सुचत नाही, तिथून सुरुवात करावी.