भुवई, कातडी की स्नायू? खाली आलेल्या पापणीबद्दल थोडेसे



चाळिशी-पन्नाशी ओलांडली की कोणीतरी विचारतंच, "काय रे, झोप झाली नाही का?" झोप झालेली असते, पण एक पापणी किंवा भुवई खाली आलेली असते. सर्जरीचे भाव शोधण्याआधी बघायचं ते हे, की नेमकं खाली काय आलंय?

शक्यता तीन. भुवईच उतरलीय, पापणीवरची कातडी सैल पडून लोंबतेय, किंवा पापणी उचलणारा स्नायू ढिला झालाय. तिसऱ्याला टोसिस म्हणतात. वर्षानुवर्षे हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांतही तो दिसतो.

उपाय त्यानुसार बदलतात. भुवयांत थोडाच फरक असेल तर बोटॉक्स चालतं, पण त्याचा परिणाम तीन-चार महिनेच टिकतो, आणि औषध नको तिथे पसरलं तर पापणीच काही आठवडे खाली येते. भुवई जास्त उतरली असेल तर ब्राऊ लिफ्ट. सैल कातडी काढायला ब्लेफॅरोप्लास्टी. टोसिसमध्ये मात्र नुसती कातडी काढून भागत नाही, स्नायू आवळावा लागतो. मोठ्यांच्या टोसिससाठी 'अपनीक' थेंबांना एफडीएने २०२० मध्ये मान्यता दिली. पापणी काही तास उचलली जाते, मूळ दोष जात नाही. आणखी एक गंमत: एक पापणी उचलली की कधीकधी दुसरी खाली येते. म्हणून डॉक्टर आधी दोन्ही तपासतात.

आता इन्शुरन्स. दिसण्यासाठी केलेल्या सर्जरीचे पैसे सहसा मिळत नाहीत. नजर अडते हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी फोटो आणि व्हिज्युअल फील्ड टेस्ट लागते, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा टेपने वर चिकटवून. सर्जरीआधी लेखी मंजुरी घ्याच. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनी दुखणी बहुधा बसत नाहीत, त्यामुळे त्यांचं काम तिकडेच केलेलं बरं.

मॉरिसव्हिलकरांना डरहॅमचं ड्यूक आय सेंटर आणि चॅपल हिलचं यूएनसी, दोन्ही जवळ. अपॉइंटमेंट घेताना 'ऑक्युलोप्लास्टिक' सर्जन मागा. जुने फोटो सोबत न्या, बदल कधीपासूनचा ते त्यावरून कळतं.

ते कळणं का महत्त्वाचं? पापणी अचानक पडली आणि सोबत डोकं भयंकर दुखत असेल, दोन-दोन दिसत असेल, बाहुल्या लहान-मोठ्या झाल्या असतील किंवा हातापायातली शक्ती गेली असेल, तर थेट ९११. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी किंवा स्ट्रोक असू शकतो. सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड होणारी पापणी मायस्थेनियाची खूण असू शकते, तिथे सर्जरीआधी न्यूरॉलॉजिस्टकडे जायला हवं. आणि लहान मुलाची पापणी बाहुलीवर येत असेल तर 'मोठेपणी बघू' म्हणू नका, तो डोळा कायमचा आळशी होऊ शकतो.